पंखा कोणाच्या स्वाधीन?

यंत्राने काम करताना आवाज करावा की करू नये, हा चिंतनाचा विषय आहे असे आम्हांस पूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. परंतु गेल्या वर्षी माघ ते वैशाख या चार महिन्यांत घरातील एका लॅपटॉपच्या पंख्याने आम्हांस जे विचारात पाडले, तसे छत्तीस वर्षांच्या सरकारी फायलींनीही क्वचितच पाडले असेल.

सेवानिवृत्तीनंतर बीदरजवळ कोळार येथे स्थिरावल्यावर आम्ही घरच्या जुन्या मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करण्याचे काम हाती घेतले. या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या माळ्यावर अशी दप्तरे पडून आहेत. ती वाचणारे डोळे मात्र कमी होत चालले आहेत. कागदाचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून पाहायचे आणि शेजारी मजकूर टंकित करायचा, अशी आमची पद्धत. काम रात्रीचे, कारण दिवसा घरात माणसांची ये-जा. त्याच खोलीत आमच्या सौभाग्यवती झोपतात आणि त्यांना अर्धशिशीचा जुना त्रास आहे. लॅपटॉपचा पंखा मध्येच घोंघावू लागला की त्यांची झोप मोडे, आणि एकदा मोडली की पहाटेपर्यंत डोके धरून बसण्याची पाळी येई.

माघात धाकट्या बंधूंचा मुलगा आला होता. तो अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, एवढंच ना? पंखा सॉफ्टवेअरने आवरता येतो. वेग कमी करून कायम करून ठेवतो. आवाज येणार नाही.”

आम्ही विचारले, “यंत्राला काही अपाय?”

“लक्ष ठेवा म्हणजे झालं,” तो म्हणाला.

पंखा शांत झाला. सौभाग्यवतींना झोप लागू लागली. आम्हीही सुखावलो, आणि त्या शेवटच्या वाक्याचा आम्हांस विसर पडला.

पुढील विवेचनासाठी या पंख्याची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. लॅपटॉपचा प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेतच बदलते. नखाएवढ्या जागेत निर्माण होणारी ही उष्णता तांब्याच्या एका चपट्या नळीतून कडेला नेली जाते. नळीत थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते आणि या फेऱ्यांतून उष्णता वाहून जाते. त्या थंड टोकाशी धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि तिच्यातून हवा ढकलण्याचे काम पंखा करतो. पंखा किती वेगाने फिरावा हे ठरविण्यासाठी मुख्य प्रोसेसरहून वेगळा असा एक लहान नियंत्रक असतो. ठिकठिकाणचे सेन्सर त्याला तापमान कळवीत राहतात आणि अमुक अंशाला अमुक वेग, अशा निर्मात्याने आखून दिलेल्या आलेखाप्रमाणे तो पंखा फिरवितो. त्यातही एक शहाणपण असते. समजा, साठ अंशांवर पंख्याने वेग घेतला, तर एकोणसाठ होताच तो लगेच वेग सोडीत नाही. पंचावन्नपर्यंत उतरण्याची वाट पाहतो. असे नसते, तर पंखा क्षणाक्षणाला धावत आणि थांबत राहिला असता.

सॉफ्टवेअरने पंखा आवरणे म्हणजे या लहान नियंत्रकाला, ‘आता तू थांब, मी सांगतो तसे कर’ असे बजावणे. यात प्रथमदर्शनी अनुचित असे काहीच नाही. उलट त्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे. स्वयंचलित म्हणजे निःपक्षपाती, असा आपला एक भाबडा समज असतो. वस्तुतः तो आलेखही कोणा माणसाने आखलेला असतो. आवाज किती चालेल, उष्णता किती चालेल, पंखा किती वर्षे टिकावा, याविषयीची त्याची मते त्यात दडलेली असतात. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरासाठी पस्तीस अंश सेल्सियसपर्यंतचेच हवामान दिलेले असते. कलबुर्गीत वैशाखातला पारा चाळीस ओलांडतो, हे आलेख आखणाऱ्याने गृहीत धरलेले असेलच असे नाही. आणि त्याच खोलीत अर्धशिशीने त्रस्त माणूस झोपले आहे, हे तर त्याला ठाऊक असणे शक्यच नाही. तेव्हा ज्याचे घर, ज्याचे हवामान आणि ज्याची माणसे, त्याने यंत्राच्या वागण्याविषयी काही ठरवावे, हा हक्क आम्ही मानतो. दूर बसलेल्याने आखलेल्या नियमाला शिरसावंद्य मानून घरच्या माणसाची झोप मोडणे हा काही सद्‌गुण नव्हे.

प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. माघातल्या गार रात्री लावलेला वेग वैशाखातही तसाच राहिला. दरम्यान कोणीही काही बदलले नव्हते. ऋतू तेवढा बदलला होता. लॅपटॉप प्रथम मंदावला. पुष्कळशा प्रोसेसरांत शंभर अंशांच्या आसपास एक मर्यादा ठरलेली असते. तेथे पोहोचताच प्रोसेसर आपली गती आपणच कमी करतो आणि त्यामुळे उष्णताही कमी होते. हे आम्हांस ठाऊक नव्हते. वय झाले असेल यंत्राचे, असे समजून आम्ही काम रेटत राहिलो. टेबलाची फळी हाताला चटका देऊ लागली, तेही उन्हाळ्यावर घातले. एके रात्री पडदा काळा झाला आणि सायंकाळपासून टंकित केलेला, साठवून न ठेवलेला मजकूर गेला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ त्या रात्री कळला. आम्ही आवाज बंद केला होता, उष्णता नव्हे. पंख्याचा आवाज हा आमचा त्रास खराच; पण तो यंत्राचा निरोपही होता. निरोप्याला घरातून घालवून आम्ही निरोपाचीच सोय नाहीशी केली होती.

गेलेला मजकूर चार रात्रींत पुन्हा टंकित झाला. त्याचे दुःख नाही. दुःख वेगळेच होते. त्या काळ्या पडद्यासमोर बसले असता आम्हांस २०१६ सालचा एप्रिल आठवला.

तो दुष्काळ वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेगाडीने पाणी न्यावे लागले होते. सीमेच्या अलीकडे आपल्या तालुक्यांची अवस्थाही फारशी निराळी नव्हती. त्या वेळी एका तालुक्यात टंचाई निवारणाचे काम आमच्याकडे होते. तेथील एका गावाचा ग्रामलेखापाल (आपल्या घरांतील जुनी माणसे ज्याला अजूनही पटवारी म्हणतात) मोठा चिकाटीचा. गावच्या कूपनलिकेतून आज किती वेळ पाणी आले, हे तो रोज सकाळी सहाच्या सुमारास आम्हांस दूरध्वनीवरून कळवी. त्याची ही पद्धत आम्हांस डिसेंबरपासूनच त्रासदायक वाटू लागली होती. जानेवारीत एके दिवशी आम्ही त्याला म्हणालो, “अहो, पाणी येतंय ना? मग रोज फोन कशाला? आठवड्यातून एकदा, सोमवारी, लेखी अहवाल पाठवीत जा.” तो “बरं साहेब” म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून आमची सकाळ शांत झाली.

जानेवारीत तो निर्णय चुकीचा होता, असे आजही आम्ही म्हणणार नाही. पाणी येत होते. आमच्याकडे इतर कितीतरी गावे होती. सोमवारचा अहवाल पुरेसा होता. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला, भूजल खाली गेले. आमचा आदेश मात्र होता तेथेच राहिला. एप्रिलमध्ये एका मंगळवारी ती कूपनलिका कोरडी पडली. अहवाल आला पुढच्या सोमवारी. त्या सहा दिवसांत गावातल्या बाया दीड कोसावरच्या एका शेतातील विहिरीतून पाणी आणीत होत्या. एक वृद्धा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. पुढे ती स्वतःच्या पायांनी चालली नाही, असे आमच्या कानांवर आले. टँकर मंगळवारी गेला. आदल्या मंगळवारीही तो जाऊ शकला असता. टँकर होता, डिझेल होते, मंजुरी होती. नव्हती ती वार्ता. आणि ती आम्हीच थांबविली होती.

आम्ही ग्रामलेखापालाला रागाने विचारले, “तुम्ही कळवलं का नाही?” तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, सोमवारी पाठवायला आपणच सांगितलं होतं.” चौकशी झाली नाही, आदेश नियमात बसणारा होता. नियमात बसले म्हणजे अंतःकरणातही बसते असे नाही, एवढेच आज सांगता येते.

लॅपटॉपचा पंखा आणि गावची कूपनलिका यांची तुलना कोणास ओढूनताणून केलेली वाटेल. एकीकडे वीस ओळींचे लिप्यंतर, दुसरीकडे एका बाईचे चालणे; नुकसानीच्या दृष्टीने ही तुलना होऊच शकत नाही. पण दोन्ही ठिकाणी चुकीची घडण एकच होती. आम्ही नियंत्रण स्वतःकडे घेतले, एकदा काय ते ठरविले, आणि मग लक्ष काढून घेतले. लक्ष गेले तरी आदेश राहिला. निर्णयाचे आयुष्य निर्णय घेणाऱ्याच्या अवधानाहून लांबले की तो निर्णय चांगला होता की वाईट, याला फारसा अर्थ उरत नाही. परिस्थिती बदलली की चांगला निर्णयही घातक ठरतो.

या दृष्टीने एक गोष्ट आमच्या पुतण्याने नंतर सांगितली, ती आम्हांस एखाद्या स्मृतिवचनाइतकी मोलाची वाटली. लिनक्स या संगणकप्रणालीत थिंकपॅड जातीच्या लॅपटॉपांसाठी जी सोय आहे, तीत पंख्याचे नियंत्रण वापरणाऱ्याच्या हाती मुळात दिलेलेच नसते. सुरक्षिततेसाठी ते बंद ठेवलेले असते आणि ज्याला हवे त्याने ते जाणीवपूर्वक मागून घ्यावे लागते. शिवाय तेथे ‘वॉचडॉग’ नावाचा एक राखणदार नेमता येतो. त्याला एक सेकंदापासून एकशेवीस सेकंदांपर्यंतची मुदत सांगता येते. तेवढ्या मुदतीत नियंत्रण घेणाऱ्याकडून पंख्याला नवी सूचना आली नाही, तर मालकाचे लक्ष उडाले असे राखणदार समजतो आणि पंखा पुन्हा यंत्राच्या स्वाधीन करतो. म्हणजे येथे अधिकार एकदा मिळून कायम होत नाही. लक्ष देत राहून तो क्षणोक्षणी नव्याने मिळवावा लागतो. सरकारी सेवेत आम्ही ‘प्रभारी’ म्हणून अनेकदा काम पाहिले. प्रभाराला मुदत असते, हे आम्हांस पाठ होते. पण ती मुदत तारखेने मोजायची असते, असे आम्ही समजत होतो. ती खरे तर अवधानाने मोजायची असते.

यंत्राला स्वतःवर ताबा ठेवायला शिकविण्याची ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची वाट आपोआप अरुंद होई. या नियामकाला ‘गव्हर्नर’ हेच नाव मिळाले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली याच विषयावर गणिती निबंध लिहिला. पुढे नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली नियंत्रणाच्या शास्त्रासाठी ‘सायबरनेटिक्स’ हे नाव योजले, ते ग्रीक भाषेतील ‘सुकाणूवाला’ या अर्थाच्या शब्दावरून. आणि गव्हर्नर हा शब्दही त्याच मुळाचा. राज्यकर्ता, यंत्राचा नियामक आणि नावेचा सुकाणूवाला हे तिघे शब्दाने एकाच घरचे आहेत, हे कळल्यावर आम्हांस नवल वाटले आणि थोडी लाजही. सुकाणूवाला एकदा दिशा ठरवून झोपी जात नाही. त्याचे कामच पाण्याचे ऐकत राहण्याचे असते.

ऐकण्याविषयी आणखी एक गोष्ट बीदरकराला सांगावीच लागते. मदरशाची ती भव्य इमारत ज्याने १४७२ साली उभारली, तो महमूद गवान १४८१ साली स्वतःच्याच सुलतानाच्या हुकुमाने मारला गेला. त्याच्या शत्रूंनी त्याच्या मोहरेचा कोरा कागद मिळवून त्यावर ओडिशाच्या राजाला उद्देशून बनावट पत्र लिहिले, आणि तिसऱ्या महंमदशहाने ते खरे मानून चौकशीवाचून शिक्षा दिली. सुलतान पुढच्याच वर्षी गेला आणि काही काळातच बहमनी राज्याची पाच शकले झाली. या कथेत वार्ता आली होती, पण खोटी होती. वार्तेवर संशय घेण्याची सोय मात्र नव्हती आणि घेतलेला निर्णय परत फिरविण्याजोगा नव्हता. पंख्याचे नियंत्रण करणाऱ्या चांगल्या रचनेत याचाही विचार असतो: सेन्सरचा आकडा मिळेनासा झाला, तर पंखा बंद न करता पूर्ण वेगाने सोडायचा. शंका आली असता चूक अशा बाजूला करावी, की जिची भरपाई नंतर करता येईल. थोडा आवाज सोसावा लागला तर उद्या झोप काढता येते. जळलेला प्रोसेसर, कापलेले शिर आणि मोडलेला खुबा पूर्ववत होत नाहीत.

येथे कोणी विचारील, की मग नियंत्रण हाती घ्यावेच कशाला? सारे यंत्रावर आणि नियमावर सोडून द्यावे. हा मार्ग आम्हांस पटत नाही. नियमावर सोडून देणे हाही एक प्रकारे लक्ष काढून घेण्याचाच मार्ग आहे. तेथे फक्त दोष आपल्या नावावर पडत नाही, एवढाच फरक. आणि शेजारी वेदनेने कण्हणारे माणूस असताना ‘यंत्राचा नियमच तसा आहे’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही पुरते ओळखतो. आम्ही स्वतःच तसे कैक वेळा म्हटले आहे. तेव्हा अधिकार जरूर घ्यावा, मात्र तीन अटींवर. पहिली, आपले लक्ष सुटले की तो आपोआप परत जावा. दुसरी, कृती आवरली तरी वार्ता आवरू नये. पंखा हळू फिरवावा, पण तापमानाचा आकडा डोळ्यांसमोर राहू द्यावा. आणि तिसरी, एका मर्यादेपलीकडे खालच्याला आपली आज्ञा मोडण्याची मुभा असावी. त्या रात्री आमचा लॅपटॉप आम्हांस न विचारता बंद पडला, म्हणून तो वाचला.

हल्ली आमच्या लॅपटॉपच्या पंख्यावर रात्रीपुरताच ताबा आहे. ऐंशी अंश होताच तो आमच्या हातातून निघून जातो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत असतो. दुरुस्तीवाल्याने जाळीतली धूळ काढली, तेव्हा निम्मा आवाज तसाच कमी झाला. खऱ्या कारणाकडे आधी पाहायला हवे होते, हे येथेही उशिरा कळले. शिवाय आम्ही टेबल ओसरीवर हलविले. वारा लागतो, डास चावतात, सौभाग्यवती निवांत झोपतात. इतका साधा उपाय माघात सुचला नाही, कारण पंखा गप्प करणे त्याहून सोपे होते.

तो ग्रामलेखापाल यंदा एका लग्नात भेटला. जेवणे झाल्यावर त्याला बाजूला घेऊन आम्ही म्हणालो, “तेव्हा तुम्ही रोज फोन करीत होता, तेच बरोबर होतं. तो आदेश मी द्यायला नको होता.” इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या तोंडून प्रथमच निघाले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “साहेब, ते तुमचं झालं. पण त्या मंगळवारी आदेश मोडून मी एक फोन करायला हवा होता. मी हातात फोन घेतला होता. साहेब चिडतील म्हणून ठेवून दिला.”

त्याला फोन ठेवून द्यावासा वाटला, याची जबाबदारी त्याची की आमची, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. ओसरीवर बसलो असता पंखा घोंघावू लागला की हल्ली आम्ही आधी आकडा पाहतो.